प्रस्तावित भोवरा

चित्रकलेसाठी वेगळी जागा बघा, असा सल्ला मला प्रथम आमच्या उपअभियंत्यांनी दिला. ब्रश धुतलेलं पाणी कोकम सरबत समजून अर्धा पेला पोटात गेल्यावर त्यांनी तो दिला असल्यामुळे त्यात कळकळ होती. मी "अहो साहेब" म्हणेपर्यंत त्यांनी "मीठ कमी आहे" असा अभिप्रायही देऊन टाकला होता. ते गेल्यावर योगिनीने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीने, तोच सल्ला सोप्या मराठीत दिला. या घरात एक तर रंग राहतील नाहीतर माणसं, असं ती म्हणाली, आणि मी या दोहोंपैकी कोणात मोडतो ते मला विचारलं.

मी आरेखक. मुरबाडला एका सरकारी कचेरीत नळपाणी योजनांचे नकाशे काढायचो. कचेरीचं नाव सांगत नाही, पेन्शन चालू आहे. नव्वदच्या दशकात अजून नकाशे हातानेच निघायचे. आखणीचा पेन, काळी पक्की शाई आणि ट्रेसिंग कागद. दिवसभर सरळ रेघा ओढून माणसाच्या आत वाकड्या रेघांची फार भूक साठते. त्यात मला ठाण्याला जुन्या पुस्तकांच्या दुकानात जलरंगांवरचं एक पुस्तक मिळालं. खऱ्या कलावंताने विषयासाठी रानोमाळ हिंडू नये, रोज जे डोळ्यांसमोर असतं तेच रोज काढावं, असं त्यात लिहिलं होतं. मला हे फार पटलं. माझ्या डोळ्यांसमोर तेव्हा रोज योगिनी असे, पण पहिल्याच रेखाटनानंतर तिने मनाई हुकूम काढला.

जागा शोधून दिली दिघेमामांनी. दिघेमामा आमचे शेजारी, एस.टी.तून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर गाड्या सोडल्या, आता माणसं सोडायचे. कोणाला या डॉक्टरकडे, कोणाला त्या वकिलाकडे, कोणाला अमुक देवीला. नकार देणाऱ्या माणसाकडे ते उशिरा आलेल्या ड्रायव्हरकडे बघावं तसं बघत. त्यांनी मला म्हसा गावच्या रस्त्यावरच्या एका वाडीत वाळू नावाच्या शेतकऱ्याकडे नेलं. वाळूच्या जोडीतला एक बैल पावसाळ्यात गेला होता, त्यामुळे त्याचा अर्धा गोठा रिकामा होता. उरलेल्या अर्ध्यात हरण्या नावाचा दुसरा बैल उभा होता. रंगाने तांबूस-पिवळा, डोळ्यांत काजळ घातल्यासारखा, आणि स्वभावाने आमच्या हेडक्लार्कसारखा. सगळ्यांकडे पाठ करून उभा राहायचा.

"चित्रं काडायला गोठा?" वाळूची बायको बाईजा दारातच मला आडवी आली. "तुमच्या घरात काय झालं?"

"घरात बायको आहे," मी म्हणालो.

"हितं बैल हाय."

"तो बोलत नाही ना?"

"बोलत नाय, मारतो," बाईजा म्हणाली, आणि करार झाला.

स्टुडिओ म्हटला की उत्तरेचा उजेड पाहिजे, असं पुस्तकात होतं. मी हे दिघेमामांसमोर बोललो ही माझी चूक. दुसऱ्या दिवशी ते पहार घेऊन हजर. गोठ्याची उत्तरेची भिंत कारवीच्या कुडाची, वरून शेणमातीने सारवलेली. "हिला काय खिडकी पाडायची! हातभर भोक पाडलं की झालं," मामा म्हणाले आणि त्यांनी पहार घातली. हातभर भोक पडलं. मग त्या भोकाच्या वरचा भाग विचारात पडला, थोडा वाकला आणि आपल्या बाजूच्या भागालाही सोबत घेऊन खाली बसला. धूळ बसल्यावर आम्हाला उत्तरेचा उजेडच काय, उत्तरेचा अख्खा डोंगर दिसत होता. हरण्याने पहिल्यांदा मान वळवून आमच्याकडे बघितलं. त्या नजरेत आदर नव्हता.

वाळूने पडलेल्या भिंतीला पेंढा आणि गोणपाट लावून दिलं, पण पडलेली भिंत ग्रामसेवकाला दिसलीच. तो गृहस्थ सज्जन होता, फक्त त्याला नियम पाठ होते.

"गोठ्यात टेबल, खुर्ची, रंगाच्या बाटल्या. म्हणजे वापर बदलला," तो म्हणाला. "आता हा गोठा नाही."

"मग काय आहे?"

"तेच ठरवायला लागेल. दुकान म्हणावं तर माल नाही, घर म्हणावं तर चूल नाही. बिगरशेतीचं प्रकरण करावं लागेल. तहसील, मग प्रांत, मग मोजणी." एवढ्यात हरण्याने शेपटी हलवून आपली उपस्थिती नोंदवली. ग्रामसेवक त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला. "एक करा. जोवर आत एक तरी जनावर बांधलेलं आहे तोवर कागदोपत्री हा गोठाच. त्याच्याशेजारी बसून तुम्ही काय करता ते मी बघितलेलं नाही."

थोडक्यात, कायद्याच्या दृष्टीने माझा स्टुडिओ हरण्याच्या चार पायांवर उभा होता. तो गेला की मी अतिक्रमण.

मी रोज कचेरी सुटली की स्कूटर काढून वाडीवर जायचो. रोज डोळ्यांसमोर असेल ते काढायचं, आणि डोळ्यांसमोर हरण्याचं बूड. तेव्हा मी बूड काढलं. शाईने बाह्यरेषा, वर जलरंगाचा हात. सकाळचं नाही, पण संध्याकाळच्या उजेडातलं, ढगाळ हवेतलं, कंदिलाच्या उजेडातलं, अशी त्या एका विषयाची मी इतकी चित्रं काढली की योगिनीने घरी लावायला एकही घेतलं नाही. अडचणी होत्याच. पिवळ्या रंगात माश्या पडायच्या. हरण्याने मान वळवून उच्छ्वास टाकला की ओला रंग पसरायचा. एकदा त्याने रंगाची बशी चाटून साफ केली आणि दोन दिवस त्याची जीभ दाखवायला वाडीतली पोरं एकमेकांना बोलावत होती.

वाळू हा माझा एकमेव समीक्षक. मागे उभा राहून विडी ओढत तो बारकाईने बघायचा आणि म्हणायचा, "सायब, शेपूट बारीक झालं." मी शेपूट जाड केलं की म्हणायचा, "आता बैल बारीक झाला." शेवटी त्यानेच एका रविवारी हरण्याला बाहेर चिंचेखाली आडवा उभा केला, मान धरली आणि म्हणाला, "काडा आता सगला. मालकासारखा दिसला पायजे."

त्या दिवशी माझा हात कसा काय चालला ते मला आजही सांगता येणार नाही. गळ्याखालच्या पोळीची कमान, वशिंडाचा डौल, पायांखालची सावली, सगळं एका दमात उतरलं. मी मागे सरून चित्राकडे बघितलं आणि मला माझ्याविषयी प्रेम वाटलं. तेवढ्यात आखणीच्या पेनमधून एक थेंब सुटला आणि बरोबर वशिंडाच्या उजव्या अंगाला जाऊन बसला.

आरेखकाला याचा इलाज माहीत असतो. ट्रेसिंग कागदावरची शाई ब्लेडने हलकेच खरवडली की जाते. माझं ब्लेड आपोआप बाहेर आलं. हा ट्रेसिंग नाही, हातकागद आहे, हे ध्यानात येईपर्यंत कागदाला भुसकट सुटलं होतं आणि डाग दुप्पट झाला होता. पण संकटात कलावंत जागा होतो म्हणतात. मी तो डाग ब्रशने गोल फिरवला, भोवती केसांसारख्या बारीक रेघा काढल्या, आणि त्याचा एक छान भोवरा केला. जनावराच्या अंगावर केस वळून चक्र होतं ना, तसा.

"ह्यो कुटला?" बाईजाने विचारलं. "माज्या बैलाला नाय."

"त्याला रचना म्हणतात," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितलं आणि धुणं घेऊन निघून गेली.

पौषातली म्हशाची जत्रा जवळ आली तसा वाळू हरण्याला विकायचं बोलू लागला. बाईजाने तोंड फिरवलं. हरण्याची आई तो जन्मताच गेली होती, आणि बाईजाने त्याला स्वतःच्या हाताने तांदळाची पेज पाजून वाढवला होता.

"माज्या हातची पेज प्यालाय त्यो," ती म्हणाली.

"मंग काय करू? एकटा बैल नांगराला कसा जुपू? दुसऱ्या अंगाला तू ऱ्हाशील?"

"तू ऱ्हा," बाईजा म्हणाली. "तुजा तरी काय उपयोग हाय?"

मीही माझ्या परीने वाळूची समजूत घातली. मुक्या जनावरावरचं प्रेम, खेड्यातली संस्कृती, असं बरंच बोललो. अतिक्रमणाचा विषय काढला नाही. वाळू म्हणाला, "सायब, तुमाला नुसतं कायतरी बांधलेलं पायजे ना? शेळी बांधा." शेळीची चित्रं काढायची कल्पना करून बघितली, पण जमेना. शेळी एका जागी उभी राहत नाही.

आणि मग वाळू जत्रेच्या आदल्या दिवशी डोकं खाजवत माझ्याकडे आला. "ते चित्र द्या की. जत्रेत लावतो. सगली दुनिया बघंल."

शहाण्या माणसाने इथे विचार केला असता, की बैल विकला जाऊ नये म्हणून जो धडपडतो त्याने बैलाची जाहिरात आपल्या हाताने द्यावी का. पण 'सगली दुनिया बघंल' हे शब्द मला आजवर कोणी म्हटले नव्हते. मी चित्राला पुठ्ठा लावला, वर प्लास्टिक ताणून बसवलं आणि देऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दिघेमामा कुणाच्या तरी जीपमधून कचेरीत उतरले. ते जत्रेत घोंगडी घ्यायला गेले होते. "चला," ते दारातूनच ओरडले. "तुमच्या चित्रावर पंच बसलेत!"

बक्षीस म्हणजे अगदी पहिलंच नसेल, पण उत्तेजनार्थ तरी असेल, असा मी विचार केला. खुंटीवरचं जाकीट चढवलं. खिशात पेन आणि शाईची बाटली टाकली, म्हणजे तिथल्या तिथे सही करता येईल. उपअभियंत्यांनी अर्ध्या दिवसाची रजा विनातक्रार दिली. सरबतानंतर ते मला शक्यतो दूरच ठेवत.

जीपमध्ये मामांनी खरा प्रकार सांगितला. वाळूने चित्र बांबूला लावून उंच उभं केलं होतं आणि खाली हरण्या बांधला होता. बाईजाने रडतरडत हरण्याच्या पाठीवर स्वतः शिवलेली, आरशांची झूल घातली होती. गर्दी जमली, पण बैलाकडे कोणी बघेना, सगळे चित्राकडे बघत होते. शेणवे गावचा नामा नावाचा एक मातब्बर शेतकरी तर चित्रासमोरून हलेनाच. वशिंडाच्या उजव्या अंगाला भोवरा असलेला बैल ज्याच्या गोठ्यात उभा राहील त्याच्या घराला काही कमी पडत नाही, असं त्याच्या आज्याने त्याला सांगितलं होतं, आणि उभ्या हयातीत तसा बैल त्याला आज पहिल्यांदा दिसत होता. सुदाम दलाल पुढे झाला. रुमालाखाली बोटं धरली गेली, रीतीप्रमाणे कोणाला न कळता भाव ठरला, नामाने आगाऊ रक्कम म्हणून इसार दिला. बाजाराची पावती फाडणाऱ्यानेही टेबल न सोडता, लांबूनच चित्र बघून पावतीवर जनावराची खूण लिहून टाकली: वशिंडाशी भोवरा. मग बाईजा म्हणाली, बैल विकलाव, झूल विकली नाय. आणि तिने झूल काढून घेतली. खाली भोवरा नव्हता.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? वाळूने झुलीखाली बैल बदलला म्हणतात. चोरीचा आळ आहे बिचाऱ्यावर."

आम्ही पोचलो तेव्हा आंब्याच्या झाडाखाली पंच बसले होते आणि भोवती निम्मी जत्रा उभी होती. पाळणे, भेळवाले, हत्यारांची दुकानं ओस. एका बाजूला वाळू, मान खाली. त्याच्याजवळ बाईजा, हातात हरण्याचं दावं घट्ट. मधोमध बांबूवर माझं चित्र. इतक्या लोकांनी माझी कलाकृती यापूर्वी बघितली नव्हती, आणि यापुढेही बघतील असं वाटत नाही.

पंचांतल्या म्हाताऱ्याने मला समोर बसवलं. "सायब, बैल बघून काडलाव का न बघता?"

"बघून."

"भोवरा दिसला व्हता?"

"नाही."

"मंग काडला कशाला?"

इथे मी 'शाई सांडली' एवढं म्हणालो असतो तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण जाकीट घातलेला माणूस, भोवती शेकडो लोक, आणि मी कबूल करायचं की माझ्या पेनने डाग पडला? मी घसा साफ केला. "असं आहे," मी म्हणालो, "चित्रकार हा निसर्गाची नक्कल करत नाही. निसर्गात जे कमी आहे ते तो भरून काढतो."

पंच एकमेकांकडे बघू लागले. मग सुदाम दलाल हळूच म्हणाला, "सायब, तुमी पाण्याच्या हापिसात नकाशे काडता ना? आमच्या वाडीचा नकाशा तुमीच काडला."

"हो."

"नकाशात टाकी हाय. वाडीत नाय. ती पन निसर्गात कमी व्हती म्हनून भरून काडलीव का?"

जत्रा हसली. मी नोकरीत इतकी वर्षं काढली, वरिष्ठांची बोलणी खाल्ली, पण नकाशावर कोणी बोट ठेवलं नव्हतं. माझा संताप अनावर झाला. "ती टाकी प्रस्तावित आहे!" मी ओरडलो. "जे व्हायचं आहे ते नकाशात आधी दाखवावं लागतं, तुटक रेघांनी. तशी पद्धतच आहे! नीट बघा, हा भोवराही तुटक रेघांनीच काढलेला आहे!"

हे शब्द माझेच होते, यावर माझा स्वतःचाही विश्वास बसला नाही.

नामा पुढे झाला. धीरगंभीर माणूस, पांढरं धोतर, कपाळाला गुलाल. "म्हंजे भोवरा व्हनार हाय?"

"प्रस्तावित आहे," मी क्षीण आवाजात म्हणालो.

"कवा व्हईल?"

"ते वरून मंजुरी आल्यावर."

नामाने आकाशाकडे बघितलं. मंजुरी वरून म्हणजे कुठून, याबद्दल त्याची काही शंका नसावी. पंच आपसात कुजबुजू लागले. चित्र खोटं असेल असं त्यांतल्या एकाच्याही मनात येत नव्हतं, हे मला कौतुकाचं वाटावं की काय, कळेना. सरकारी माणसाने शाईने काढलंय म्हटल्यावर चुकीचा असेल तर बैलच. वाळू रडकुंडीला आला. "अरे, त्योच बैल हाय ह्यो! सायब, सांगा की!" मी सांगत होतो, पण माझं आता कोणी ऐकत नव्हतं. मी तज्ज्ञ म्हणून आलो होतो आणि आरोपीच्या बाजूने बोलत होतो.

अशा वेळी दिघेमामा गप्प बसतील तर ते दिघेमामा कसले. "सोपं आहे," ते म्हणाले. "चित्रात भोवरा यांनी काढला, बैलावरही हेच काढतील. शाई आणली आहेच."

पंचांना ही सूचना एकदम आवडली. नको नको म्हणेपर्यंत मला हरण्याजवळ ढकलण्यात आलं. मी शाईत पेन बुडवला आणि वशिंडाला टेकवला. बैलाला माशी बसली की तो फक्त तेवढ्या जागेचीच कातडी थरथरवतो, हे मी इतकी बुडं काढूनही विसरलो होतो. कातडी थरथरली. पुढचा थेंब दिघेमामांच्या नव्या घोंगडीवर. पुन्हा टेकवला, तो शेपटीचा फटका बसला आणि बाटली हातातून सुटून अर्धी हरण्याच्या पाठीवर आणि अर्धी माझ्या जाकिटावर रिकामी झाली. भोवरा झाला नाहीच. वशिंडापासून पोटापर्यंत एक काळा ओघळ मात्र झाला, आणि ही शाई पाण्याने जात नाही.

"शायचा भोवरा चालत नाय," नामा शांतपणे म्हणाला. "केसाचा पायजे."

पावती फाडणाऱ्याने चष्मा पुसला. "आता तर हा तिसराच बैल झाला," तो म्हणाला. "एक चित्रातला. एक झूल काढल्यावरचा. आणि हा एक काळा पट्टा असलेला. पावती एकाचीच आहे. बाकी दोघांचा मालक कोण? बिनपावतीचं जनावर कोंडवाड्यात घालावं लागेल."

एक बैल तीन कसे झाले याचा कोणी हिशेब विचारला नाही. कोंडवाड्याचं नाव निघताच सगळे माना डोलवू लागले, कारण त्यात निदान काहीतरी करण्यासारखं होतं. दोघेजण हरण्याला धरायला पुढे आले.

आणि मग बाईजा ओरडली. इतका वेळ ती बोलली नव्हती. "हात लावू नका! सगले त्या कागदाकडं बघताव. बैलाकडं कोन बघतं का?" ती दावं सोडून चार पावलं लांब जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ये रे बाला." हरण्या एवढ्या गर्दीतून, पाळण्यांच्या भोंग्यातून, काळा ओघळ घेऊन सरळ तिच्याकडे चालत गेला आणि तिच्या पदरात तोंड घालून पेज शोधू लागला. गर्दीतून एक बारीक हुंकार उठला. तो बैल वाळूचाच होता, हे सिद्ध करायला एवढं पुरेसं होतं. फक्त पावतीला ते पुरत नव्हतं.

बाईजाने डोळे पुसले आणि नामाकडे वळली. "नामादादा, तुमाला काय पायजे? बैल पायजे का भोवरा पायजे?"

"भोवरा पायजे," नामा म्हणाला. "बैल माज्या घरी हायेत."

"मंग भोवरा ज्याला हाय त्यो न्या. त्यो काय, वर टांगलाय."

पंच म्हाताऱ्याने कपाळाला हात लावला आणि विचारात पडला. नामा चित्राजवळ गेला, त्याच्याभोवती एकदा पूर्ण फिरला. मागे पुठ्ठा होता, तोही त्याने वाजवून बघितला.

"खातो काय?" त्याने मला विचारलं.

"काही नाही."

"आजारी पडतो?"

"पावसात ठेवू नका. आणि उन्हात रंग उडेल."

"गोठ्यात चालंल?"

"गोठ्यातलाच आहे तो."

"आज्या बोलला व्हता, गोठ्यात उभा पायजे," नामा स्वतःशीच म्हणाला. "जिता पायजे असं नाय बोलला." मग त्याने पंचांकडे बघून मान हलवली. जो इसार दिला तीच किंमत, बाकी काही देणंघेणं नाही. वाळूने तोंड उघडलं, पण बाईजाने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने ते पुन्हा मिटलं. पावती फाडणाऱ्याला सर्वात जास्त आनंद झाला. पावतीवरची खूण आणि माल यांचा मेळ पहिल्यांदाच बसत होता. त्याने शिक्का मारला. बैल, एक, रंग हरणा, वशिंडाशी भोवरा. चित्रकाराच्या नावाला त्या पावतीवर रकाना नव्हता.

जनावर विकताना दावं देत नाहीत, अशी त्या लोकांची रीत. गोठ्याचं दैव दाव्याबरोबर जातं म्हणतात. तेव्हा नामाने दुकानातून नवं दावं आणलं, चित्राला आडवंउभं बांधलं, त्यावर गुलाल टाकला. प्लास्टिक होतं म्हणून वाचलं. मी धावत गेलो, म्हटलं निदान सही तरी करू द्या. नामा म्हणाला, "नको सायब. आनखी डाग नको." आणि माझं आयुष्यातलं पहिलं विकलं गेलेलं चित्र, बैल म्हणून विकलेलं, नामाच्या हातात कासऱ्यासारखं दावं देऊन शेणव्याच्या वाटेला लागलं. आमच्या दिघेमामांनी त्याच्यासाठी जीपही थांबवून दिली.

संध्याकाळी मी बाईजाच्या मागे वाडीवर चालत होतो. वाळू पुढे निघून गेला होता, इसाराच्या आनंदात की बैल न विकल्याच्या दुःखात ते त्यालाही कळत नसावं. हरण्या बाईजाच्या बाजूने चालत होता. स्टुडिओ वाचला होता. माझं जाकीट काळं झालं होतं. जत्रेत इतक्या लोकांसमोर माझ्या तोंडून 'प्रस्तावित' हा शब्द निघाला होता आणि तो उद्या कचेरीत पोचणार होता. तरीही मनात कुठेतरी मी खूश होतो. कोणीतरी माझं चित्र बघितलं आणि ते त्याला हवंसं झालं. बैलापेक्षा ते जास्त हवंसं झालं. मी हे सगळं बाईजाला सांगायला तोंड उघडणार तोच ती थांबली.

"सायब, गोठा तुमाला देते. पुडं पन देते. पन एक अट हाय."

"कोणती?"

"माज्या बैलाचं चित्र काडा, रोज काडा. पन बरं काडू नका. हाय तसा काडा, नायतर हाय त्याच्याहून वाईट काडा. कोनाला बघून घ्यावासा वाटला नाय पायजे."

मी शब्द दिला. त्या गोठ्यात मी पुढे बरीच वर्षं बसलो, रोज डोळ्यांसमोर असलेला तोच हरण्या शाईने आणि रंगाने काढत राहिलो, आणि त्यांतलं एकही चित्र आजवर कोणी विकत मागितलेलं नाही. दिलेला शब्द इतका तंतोतंत पाळणारा दुसरा चित्रकार मुरबाड तालुक्यात नसेल.